पुलावरचे सहा महिने

छायाबाई खानझोडे यांना कॅनडात येऊन अठरा महिने होत आले होते आणि या काळात त्या दोनदा अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा मिळून त्यांचा अमेरिकेतला मुक्काम तीन तासांचा. पहिल्या खेपेला त्यांनी तिथे टोमॅटोचं सूप प्यायलं. दुसऱ्या खेपेला मुलाने पेट्रोल भरलं आणि नातीसाठी मोजे घेतले.

पद्धत ठरलेली होती. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला कॅनडात साधारणपणे एका वेळी सहा महिने राहू देतात. मुदत संपायच्या आत गाडीने सीमेवर जायचं, सेंट लॉरेन्स नदीवरचा पूल ओलांडायचा, पलीकडे तास-दीड तास काढायचा, त्याच पुलावरून परत यायचं आणि अलीकडच्या अधिकाऱ्याकडे नवे सहा महिने मागायचे. द्यायचे की नाही, हे अधिकाऱ्याच्या हातात. ऑनलाइन अर्जही करता येतो, पण त्याच्या उत्तराला महिने लागतात. सुपर व्हिसा नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यावर आईवडिलांना सलग काही वर्षं राहता येतं, मात्र आरोग्यविमा घ्यावा लागतो. सुनेने, मैत्रेयीने, एकदा त्या विम्याचे आकडे काढून नवऱ्याला दाखवले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

घर ओटावाच्या कनाटा उपनगरात. मुलगा परीक्षित टेलिकॉम कंपनीत, मैत्रेयी एका सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अॅनालिस्ट. नात ऊर्मी तीन वर्षांची. छायाबाई सकाळी सहाला उठत. ऊर्मीचं खाणं, आंघोळ, बागेत नेणं, दुपारची झोप, दोघांचे डबे, संध्याकाळच्या पोळ्या. डेकेअरच्या यादीत ऊर्मीचा नंबर होता. जागा मिळाली की आईने नागपूरला परत जायचं, असं पहिल्या दिवशी ठरलं होतं. पहिल्या फेरीच्या वेळी जागा सप्टेंबरमध्ये मिळणार होती. दुसऱ्या फेरीच्या वेळी जानेवारीत. या तिसऱ्या फेरीच्या वेळी पुन्हा सप्टेंबर.

नागपूरला त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर छायाबाईंचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. त्यांच्या एकटीच्या नावावर. नवरा गेल्यानंतर, निवृत्तीच्या चार वर्षं आधी त्यांनी तो घेतला. एकतीस वर्षं त्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होत्या. दुसऱ्यांच्या खरेदीखतांवर शिक्के मारण्यात नोकरी गेली आणि शेवटी एक खरेदीखत त्यांचं स्वतःचं झालं. ऊर्मीला झोपवताना त्या तिला त्या घराच्या गोष्टी सांगत. खिडकीतून कडुनिंब दिसतो, गच्चीवर सांडगे वाळतात, खाली दूधवाला कशी हाक मारतो. ऊर्मी विचारायची, "डज इट हॅव अ बेसमेंट?" छायाबाई म्हणायच्या, "नाही गं. तिथं माणसं जमिनीच्या वर राहतात."

कनाटात त्यांची खोली बेसमेंटमध्ये होती.

*

अकरा एप्रिलला, शुक्रवारी, परीक्षितने सुट्टी घेतली. दोघं सव्वानऊला निघाली. मैत्रेयी ऊर्मीला घेऊन घरूनच काम करणार होती. दोन वाजता तिची एक मोठी मीटिंग होती, त्याच्या आत परत या, असं तिने दोनदा सांगितलं.

गाडीत परीक्षितने उजळणी घेतली.

"हाऊ लाँग विल यू स्टे?"

"सिक्स मंथ्स."

"व्हॉट डू यू डू ऑल डे?"

"आय स्लीप."

"आई."

"मग काय सांगू? देवळात जाते म्हणून सांग म्हणतोस. दीड वर्षात दोनदा नेलं तू देवळात. त्यातल्या एकदा पार्किंग मिळालं नाही म्हणून बाहेरूनच नमस्कार केला."

"आय रेस्ट, आय वॉक, आय स्पेंड टाइम विथ माय ग्रँडडॉटर. एवढंच. उगाच डिटेल देऊ नको. तू साक्षीला नाही उभी राहिलीस."

"हो नं. साक्षीदाराला निदान जायचं भाडं तरी मिळते."

तो हसला. त्यांचं असं बोलणं त्याला आवडायचं. ऑफिसात तो ते सांगतही असे. गाडीतल्या स्पीकरवर मैत्रेयीचा आवाज आला. "परी, फाईल मागच्या सीटवर आहे. या वेळी तू स्वतः त्यांच्या हातात दे. दोन्ही वेळा त्यांनी उघडलीच नव्हती. एवढी मेहनत करतो आपण."

फाईल निळ्या रंगाची होती. आत अकरा प्लास्टिकची पाकिटं, पहिल्या पानावर छापील अनुक्रमणिका, प्रत्येक पाकिटावर आकडा. ही सवय दोघांना स्वतःच्या पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, अर्जापासून लागलेली होती. कोणी मागितलं नाही तरी कागद जोडायचा. कागदात काही ठळक दिसत असेल तर त्याचं स्पष्टीकरण देणारं पत्र मागे लावायचं. पत्राला आधार हवा म्हणून त्याच्यामागे मूळ दस्तऐवज. मूळ दस्तऐवज मराठीत असेल तर त्याचं नोटरी केलेलं भाषांतर. मित्रमंडळींत मैत्रेयीच्या फायलींना नाव होतं. तिची फाईल परत आली, असं कधी झालं नव्हतं.

छायाबाईंनी ही फाईल एकदाही उघडली नव्हती. त्यांच्याविषयीचीच असली तरी ती त्यांच्या हातात कोणी दिली नव्हती.

साडेदहाला त्यांनी प्रेस्कॉटजवळचा पूल ओलांडला. ऑग्डेन्सबर्गमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये कॉफी घेतली. परीक्षितने फोनवर दोन मेल लिहिले. छायाबाई वॉशरूमला जाऊन आल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी ते पुन्हा पुलावर होते. कॅनडाच्या बाजूच्या खिडकीवर परीक्षितने सांगितलं, आईचे सहा महिने वाढवून हवेत. तिथल्या बाईने एक कागद देऊन त्यांना आत पाठवलं. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं.

*

आतल्या काउंटरवर पन्नाशीचा एक अधिकारी होता. मागच्या दोघांपेक्षा हा वेगळा होता तो एकाच बाबतीत. तो वाचायचा.

त्याने पासपोर्टची सगळी पानं पाहिली. छायाबाईंना विचारलं, किती दिवस राहणार. त्यांनी सांगितलं. कोणाकडे राहता. त्यांनी सांगितलं. मग तो म्हणाला, "तुम्ही जवळजवळ दीड वर्ष इथे आहात. परत जाणार आहात याचा काही पुरावा आहे का?"

"सगळं यात आहे," परीक्षित म्हणाला आणि फाईल पुढे सरकवली.

अधिकाऱ्याने अनुक्रमणिका वाचली. पहिलं पाकीट, दुसरं, तिसरं. चौथ्या पाकिटाशी तो थांबला. "मायदेशाशी संबंध" असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. आत नागपूर महानगरपालिकेची मालमत्ता कराची पावती, भाषांतरासह. मालक, छाया वसंत खानझोडे.

"हे घर तुमचं?"

"येस," छायाबाई म्हणाल्या. "माय फ्लॅट. इन माय नेम."

तो पुढे गेला. पाच ते आठ त्याने पटपट उलटली. नववं पाकीट "आर्थिक क्षमता". छायाबाईंच्या बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा; ते खातं ऑनलाइन परीक्षितच बघायचा. डिसेंबरमध्ये एक मोठी रक्कम जमा, जानेवारीत तीच रक्कम बाहेर. जमेवर पिवळी खूण केलेली आणि मागे पत्र जोडलेलं. अधिकाऱ्याने पत्र वाचलं. त्यामागचं भाषांतर वाचलं. मग तो मागे आला आणि चौथं पाकीट पुन्हा काढलं. दोन्ही कागद त्याने काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

चौथं पाकीट घर दाखवण्यासाठी होतं आणि नववं पैसे दाखवण्यासाठी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. मैत्रेयीने चौथं पाकीट मागच्या फेरीच्या फाईलमधून तसंच घेतलं होतं आणि नववं नव्याने तयार केलं होतं. दोन्ही एकत्र कोणी वाचली नव्हती.

"मिस्टर खानझोडे," अधिकारी म्हणाला, "इथे लिहिलंय घर आहे. इथे लिहिलंय घर विकलं. यातलं कुठलं धरू?"

परीक्षित म्हणाला, "पावतीच्या तारखेला घर होतं."

"आज?"

अधिकाऱ्याने भाषांतर उचललं. त्याच्याखाली मूळ कागद होता.

नोकरीच्या एकतीस वर्षांत छायाबाई टेबलापलीकडच्या माणसाच्या हातातला कागद उलटा वाचायला शिकल्या होत्या. लोक कागद पुढे करण्याआधीच त्यांना त्यात काय आहे ते समजलेलं असायचं. हा कागद त्यांनी हजारो वेळा पाहिला होता. सूची क्रमांक दोन, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. वर गावाचं नाव, मग विलेखाचा प्रकार, खरेदीखत. लिहून देणार, छाया वसंत खानझोडे, तर्फे कुलमुखत्यार परीक्षित वसंत खानझोडे. लिहून घेणार, कोणी राऊत. नोंदणीचा दिनांक एकोणीस डिसेंबर.

त्यांनी चष्मा नीट केला आणि पुन्हा वाचलं. फ्लॅट क्रमांक दोनशे चार.

कुलमुखत्यारपत्रावर त्यांनी सही केली होती सप्टेंबरमध्ये, ओटावाला, भारताच्या उच्चायुक्तालयात. इथे बसून कर भरता यावा, वीजबिल भरता यावं, म्हणून. सही करण्याआधी त्यांनी ते वाचलं होतं. न वाचता सही करणं त्यांना जमलंच नसतं. सातव्या कलमात विक्रीचे अधिकार होते. "हे काहून टाकलं?" त्यांनी विचारलं होतं. परीक्षित म्हणाला होता, "टेम्पलेट आहे आई. सगळ्यांचं असंच असतं. काढायचं तर पुन्हा प्रिंट, पुन्हा अपॉइंटमेंट." मागे रांग होती. मुलगा पेन घेऊन उभा होता. ऑफिसात अशी सही करून फसलेल्या बायका त्यांनी खूप पाहिल्या होत्या, कागद घेऊन येणाऱ्या, रडणाऱ्या. छायाबाई त्यांना एकच प्रश्न विचारत. बाई, सही तुमचीच आहे नं? पण त्यांना फसवणारी माणसं वेगळी होती, हा परीक्षित होता. कलम खोडायला लावायची त्यांना लाज वाटली. त्यांनी सही केली.

डिसेंबरमध्ये परीक्षित दहा दिवस नागपूरला एकटाच जाऊन आला. मित्राचं लग्न होतं. येताना त्याने कपाटातल्या दोन सिल्कच्या साड्या आणि वडिलांचा फोटो आणला. घर बंद आहे, फोटोला वाळवी लागेल, म्हणाला. छायाबाईंना बरं वाटलं होतं. फेब्रुवारीत कनाटात विकत घेतलेल्या या नव्या घराचा ताबा मिळाला. गृहप्रवेशाला दूध त्यांनीच उतू घातलं.

"मॅडम," अधिकारी आता फक्त त्यांच्याशी बोलत होता. "तुम्हाला परत जायला भारतात घर आहे का?"

परीक्षित खाली पाहत मराठीत म्हणाला, "आई, मी दुसरं घेतोय तुझ्यासाठी, असं सांग. बाकी घरी बोलू."

"त्यांना उत्तर देऊ द्या," अधिकारी म्हणाला.

छायाबाईंच्या डोक्यात त्या वेळी तारखा चालल्या होत्या. परीक्षित नागपूरला उतरला चौदा डिसेंबरला, शनिवारी. दस्त नोंदला एकोणीसला, गुरुवारी. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र महाराष्ट्रात आणलं की आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. ते मुद्रांक शुल्क ठरवतात, भरल्यावर शिक्का मारतात. त्याला तीन आठवडे लागतात. घाई केली, ओळख लावली, तरी दोन. परीक्षितच्या हातात कामाचे दिवस होते तीन. म्हणजे शिक्का झालेला नाही. शिक्का नसलेल्या कुलमुखत्यारपत्रावर दस्त झाला असेल तर त्यावर दावा उभा राहतो. वकील धरायला एवढं पुरतं. पण ते बघायला नागपूरला असायला हवं, पुढल्या आठवड्यात असायला हवं, आणि इथे हो म्हटलं तर पुढचे सहा महिने कनाटात जातील.

"नो," त्या म्हणाल्या. "नो हाऊस. सोल्ड, नाइन्टीन्थ डिसेंबर."

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"नाऊ. फ्रॉम धिस पेपर."

अधिकाऱ्याने परीक्षितकडे पाहिलं नाही. तो कागद घेऊन आत गेला आणि वीस मिनिटांनी आला. त्याने सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं. मुदत संपल्यावर त्या परत जातील याची त्याला खात्री वाटत नाही, त्यामुळे पाहुणा म्हणून प्रवेश देता येत नाही. त्या स्वतःहून माघार घेऊ शकतात. तसं केलं तर त्यांच्यावर बंदी येणार नाही. अमेरिकेचा व्हिसा आहे, तिकडे परत जाऊन तिथून भारतात जाता येईल. त्या खरं बोलल्या, हे त्याने नोंदवलं आहे. मग त्याने विचारलं, "तुम्हाला काही मदत हवी आहे का? कोणाशी बोलायचंय?"

"नो, थँक यू," छायाबाई म्हणाल्या. "आय वाँट टु गो टु नागपूर."

परीक्षितने विचारलं, सामान घ्यायला दोन दिवस तरी आत सोडता येईल का. अधिकारी नाही म्हणाला. "तुम्ही केव्हाही घरी जाऊ शकता, सर. तुम्ही नागरिक आहात."

*

पुलावर परत जाताना परीक्षित म्हणाला, "तू मुद्दाम केलंस."

"हो."

"सोमवारी ऊर्मीला कोण बघणार आहे, याचा विचार केलास?"

"तुझ्या घरात कोण आहे ते तू बघ. माझ्या घरात दुसरे लोक आहेत."

"आई, त्याशिवाय घराचं डाउन पेमेंट झालं नसतं. तुला काय वाटतं, मला हौस होती? तो फ्लॅट पडूनच होता. आणि बेसमेंट कोणासाठी फिनिश केलं? वॉशरूमसकट केलं. तुला जिने चढायला नको म्हणून."

"बेसमेंटला जायला जिना उतरावा लागते, परीक्षित."

"तेच ते."

"मला विचारलं असतं तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाही."

"हो," तो म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "सप्टेंबरनंतर सांगणारच होतो. तोपर्यंत तुझं मन इथे लागलं असतं."

अमेरिकेच्या बाजूला पुन्हा चौकशी झाली. पुढचं तिकीट दाखवा, म्हणाले. परीक्षितने तिथल्या बाकावर बसून फोनवर तिकीट काढलं. सिरॅक्यूजहून शनिवारी दुपारचं विमान, न्यूयॉर्कला बदलून.

"मुंबईपर्यंत काढू की नागपूरपर्यंत?" त्याने विचारलं.

"नागपूर."

"नागपूरला आता कोण आहे?"

त्यांनी पासपोर्ट त्याच्यापुढे धरला. त्याने नागपूरपर्यंत काढलं.

ऑग्डेन्सबर्गमध्ये रस्त्याकडेच्या एका मोटेलात त्याने एका रात्रीसाठी खोली घेतली. सकाळी सिरॅक्यूजला न्यायला टॅक्सी सांगितली. शेजारच्या दुकानातून टूथब्रश, बिस्किटं आणि एक स्वेटर आणला. रक्तदाबाच्या गोळ्या छायाबाईंच्या पर्समध्ये तीन दिवसांच्या होत्या. त्या मोजून झाल्यावर त्यांनी पर्स बंद केली.

तीन वाजता मैत्रेयीचा फोन आला. परीक्षितने तो स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला. मागे ऊर्मी रडत होती.

"मला मीटिंगमधून उठावं लागलं," मैत्रेयी म्हणाली. "ती झोपतच नाहीये. आई, तुम्ही तिला दुपारी नक्की काय करता?"

"पाठीवर हात फिरवते. वरून खाली. थोपटायचं नाही, थोपटलं की उठते."

"आणि सकाळी? त्या टिफिनमध्ये ती लापशी कशाची असते?"

छायाबाईंनी सांगितलं. एकेक गोष्ट, थांबून थांबून, ऑफिसात चार्ज देताना सांगत तशी. नाचणीचं पीठ वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात. दूध आधी नाही, नंतर. डाव्या कानात पाणी गेलं की दुखतं. बागेतल्या घसरगुंडीवर ती उलटी चढते, तेव्हा मागे उभं राहायचं. पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता.

"ओके, नोट केलं," मैत्रेयी म्हणाली. "तुमची बॅग मी कुरिअर करते. अॅड्रेस मेसेज करा. परी, ऐक, मी मम्माला विचारते. तिचा यूएस व्हिसा आहेच. इथला अर्जंट अप्लाय केला तर जूनपर्यंत होऊन जाईल."

छायाबाई म्हणाल्या, "मैत्रेयी, तुझ्या आईचा पुण्याचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे गं?"

टाइप करणं थांबलं. "आई, हे टोमणे आत्ता नकोत. प्लीज. इथे सगळं माझ्या अंगावर आलंय."

"टोमणा नाही. फाईलला लागेल म्हणून म्हटलं."

परीक्षितने फोन उचलून स्पीकर बंद केला आणि बोलत बोलत बाहेर गेला. आत आला तो गाडीची किल्ली हातात घेऊनच. साडेपाचच्या आत पोचायला हवं, शुक्रवारची ट्रॅफिक असते, म्हणाला. वाकून पाया पडला. छायाबाईंनी सवयीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"पोचल्यावर फोन कर."

"कुठं पोचल्यावर?"

तो दार ओढून घेऊन गेला.

*

छायाबाई नागपूरला उतरल्या सोमवारी, चौदा एप्रिलला सकाळी. पूर्ण प्रवासात त्यांनी बोटांवर तेच मोजलं होतं. सोळा, सतरा, अठरा. तीन दिवस. तीन दिवसांत शिक्का होत नाही. विमानतळावरून थेट दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं, दस्ताची नक्कल मागायची, कुलमुखत्यारपत्राचं पान काढायचं, असा त्यांचा बेत होता. तिथे त्यांची जुनी सहकारी अक्षता अजून नोकरीत होती, तिने उभ्या उभ्या दाखवलं असतं. पण रस्त्यावर निळे झेंडे लागलेले दिसले आणि त्यांच्या लक्षात आलं. आज आंबेडकर जयंती, कार्यालय बंद. दीड वर्षात त्यांना इथल्या सुट्ट्यांचाही विसर पडला होता.

उद्यापर्यंत थांबणं त्यांना शक्य झालं नाही. त्यांनी ऑटोवाल्याला त्रिमूर्तीनगर सांगितलं.

दाराला नवा रंग होता आणि राऊत नावाची पाटी होती. दार उघडलं ते तिशीच्या एका बाईने. हाताला कणीक लागलेली होती. छायाबाईंनी नाव सांगितलं तशी ती घाबरली.

"तुम्ही खानझोडे काकू? पण परीक्षित सर तर म्हणाले तुम्ही कायमच्या तिकडे गेल्या. तब्येतीमुळे तुम्हाला प्रवास होत नाही म्हणे." मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं कसंसं झालं. "या नं काकू, बसा. मी अबोली. हे जयंतीच्या कार्यक्रमाला गेले, येतीलच."

छायाबाई बसल्या. खोलीत नवा सोफा होता. खिडकीला जाड पडदे होते.

"मला दस्त पाहायचा आहे," त्या म्हणाल्या. "खरेदीखत. सगळं."

"काकू, आमचं सगळं क्लिअर आहे. बँकेचं लोन आहे त्याच्यावर, बँकेच्या वकिलाने तपासलं."

"मी फक्त पाहते."

अबोलीने आतून फाईल आणली. मूळ दस्त बँकेत होता. ही त्याची पूर्ण प्रत होती. ती देताना तिचा हात फाईलवरून लवकर निघाला नाही. छायाबाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मुद्रांक शुल्काची पावती. नोंदणी फी. चतुःसीमा. क्षेत्रफळ. लिहून देणाराच्या जागी परीक्षितचा फोटो आणि अंगठा. साक्षीदार दोन, त्यातला एक ईश्वर, परीक्षितचा कॉलेजातला मित्र. त्याच्याकडे फ्लॅटची किल्ली ठेवलेली होती. मग घोषणापत्र. परीक्षितने त्यात प्रतिज्ञेवर लिहून दिलं होतं की कुलमुखत्यारपत्र लिहून देणारी व्यक्ती आज रोजी हयात आहे आणि तिने ते रद्द केलेलं नाही.

त्यामागे कुलमुखत्यारपत्र. छायाबाईंनी ते उलटून पाहिलं. मागच्या बाजूला मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का होता. शुल्क भरल्याची नोंद, सही, तारीख. एकवीस ऑक्टोबर. अर्ज दाखल केल्याचा दिनांक सत्तावीस सप्टेंबर, अर्जदार ईश्वर.

त्यांनी तारखा पुन्हा वाचल्या. ओटावाला सही केली बारा सप्टेंबरला. म्हणजे घरी येऊन त्याच आठवड्यात त्याने ते कुरिअर केलं होतं. दुसऱ्या फेरीला, ऑक्टोबरमध्ये, पुलावर जाताना तो "जानेवारीत तू घरी" म्हणाला, तेव्हा कागद नागपूरच्या टेबलावर होता. डिसेंबरमध्ये त्याने घाई केली नव्हती. डिसेंबरमध्ये तो फक्त अंगठा द्यायला आला होता.

त्या पुढची पानंही पाहू लागल्या. पानांचे क्रमांक सलग होते. प्रत्येक पानावर कार्यालयाचा शिक्का होता, कुठे खाडाखोड नव्हती. खाडाखोड असली की बाजूला सही लागते, ते त्या शोधत होत्या. ओट्यावरचा कुकर दोनदा वाजला. अबोली उठली नाही.

"काकू, काही प्रॉब्लेम आहे का?"

छायाबाईंनी फाईल बंद करून तिच्या हातात दिली.

"नाही," त्या म्हणाल्या. "दस्त चोख आहे. काही होणार नाही तुम्हाला."

अबोली चहा ठेवते म्हणाली. छायाबाई नको म्हणाल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि इथे जवळपास राहायला एखादा लॉज आहे का, असं विचारलं.

"चौकात एक आहे," अबोली म्हणाली, "पण आज मिरवणुकीमुळे तो रस्ता बंद करून ठेवला आहे. तुम्हाला पायी जावं लागेल, काकू."